टिटवीचा फोटो

कॅमेरे आले होते, पण पक्षी अजून माणसांसारखे बोलत होते, तेव्हाची ही गोष्ट. थंडी सरली, पळस फुलला आणि टिटवीनं कालव्याकडेच्या कच्च्या वाटेवर अंडी घातली. खड्यांमध्ये ती खड्यांसारखीच दिसायची.

एका सकाळी पक्षी बघायला माणसं आली. तारेवरच्या खंड्यानं लगेच छाती फुगवली.

"टिटवीताई, आज तरी गप्प बसा. एवढ्या कौतुकानं आलेत पाहुणे!"

पाहुण्यांच्या दुर्बिणी खंड्यावर खिळल्या होत्या आणि बूट सरळ अंड्यांकडे येत होते.

"कौतुक गेलं खड्ड्यात!" म्हणत टिटवी पंख पसरून बुटांसमोर उभी राहिली आणि घसा फुटेस्तोवर ओरडली.

माणसं दचकून थांबली. "काय कजाग पक्षी आहे!" असं म्हणून त्यांनी तिचाच फोटो काढला आणि लांबून वळसा घालून निघून गेली.

खंड्याचा तिळपापड झाला. "वरून डोकावून पाहिला मी तुमचा फोटो. तोंड कसलं वेडंवाकडं आलंय!"

टिटवी अंड्यांवर बसली. "आणि माझ्या पाठीमागं अंडी शाबूत दिसतायत ना? मग झकास आलाय."