धक्क्यावरची दगडी कोळीण

फार पूर्वी, भर समुद्रात एक बेट होतं. बोटींच्या धक्क्यावर तिथल्या कोळणी मासळी विकायच्या. प्रत्येकीची जागा ठरलेली, सासूची जागा सुनेला मिळायची. धाकलीबाय म्हातारी होती, तीही आपल्या सासूच्याच जागेवर बसायची.

बेटाच्या पाटलाला वाटलं, पाहुण्यांना आपलं जगणं दिसावं म्हणून कोळणीचा पुतळा उभारू. पाथरवटासमोर धाकलीबाय चार दिवस डोक्यावर पाटी घेऊन उभी राहिली. मान मोडून आली, पण कुरकुरली नाही.

पुतळा झाला, नि धक्क्यावर बरोबर कोळणींच्याच जागेवर बसवला.

पाटील म्हणाला, "काकी, आता तुम्ही सगळ्या टेकडीमागे बसा. पुतळ्यापाशी वास नको."

टेकडीमागे कुत्रं फिरकेना. तिसऱ्या दिवशी धाकलीबायनं पाटीभर नासकी मासळी माडाच्या बुंध्याशी पुरली. तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

तेवढ्यात पाटील नवं लुगडं घेऊन आला. "काकी, उद्या राजा येतोय. पुतळ्याला हार तुमच्याच हातून! आणि पंगतीला ताजी पापलेटं धाडा."

लुगडं भारी होतं. अंगावरचं फाटलं होतं. तरी धाकलीबायनं ते त्याच्या अंगावर भिरकावलं.

"लाज नाही वाटत? मला उठवलंस, नि माझ्याच दगडाला हार घालू? पापलेटं तिच्याकडनं घे जा. तिची पाटी भरलेली आहे!"

बाकीच्या कोळणींनीही मासळी द्यायला नकार देत पाट्या पालथ्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी राजानं पुतळा पाहिला, वाखाणला. मग पानावर वरणभात आला.

"अरे, कोळ्यांच्या बेटावर वरणभात? कोळणी कुठायत?"

"टेकडीमागे, महाराज," पाटील पुटपुटला.

राजा भडकला. "जिती बाई टेकडीमागे आणि दगडाची धक्क्यावर? मग मीही माझं चित्रच धाडलं असतं. त्यालाच वाढायचं होतंस!" तो भरल्या पानावरून उठला नि बोटीत जाऊन बसला.

पाटील धापा टाकत टेकडीमागे गेला. "काकी, चला, तुमची जागा तुम्हाला."

"माझ्या एकटीची नाही. सगळ्यांची."

"सगळ्यांची."

त्याच दुपारी पुतळा मागे सरकवला. कोळणी आपापल्या जागी बसल्या. पाटील हात जोडून धाकलीबायसमोर उभा राहिला. तिचा राग काही उतरला नव्हता.

"बाजूला हो," ती म्हणाली, "गिऱ्हाईक खोळंबलंय."

तात्पर्य एवढंच, बाळांनो: जित्या माणसाला उठवून त्याच्या पुतळ्याला हार घालणं हा मान नव्हे, ती त्याची थट्टा.