भिंत शांत आहे

काळ इतका जुना की तेव्हाच्या राजाचं नावही आज कुणाला आठवत नाही. एका कड्याच्या टोकावर तेव्हा एक गाव होतं. गाव कसलं, एक लांबलचक जाडजूड दगडी भिंत आणि तिला पाठ टेकून बसलेली घरांची ओळ. सगळ्या घरांच्या तुळया त्या एकाच भिंतीवर टेकलेल्या. घर ज्याचं त्याचं होतं, भिंत मात्र सगळ्यांची.

म्हणून त्या गावात एक रीत होती. भिंतीत खिडकी पाडायची असो की साधा कोनाडा करायचा असो, आधी शेजाऱ्यांना सांगायचं. शेजारी आपापल्या घरात भिंतीला तळवे लावून उभे राहायचे आणि मगच पहिला घाव पडायचा. कुणाच्या हाताला थरथर जाणवली की काम तिथंच थांबायचं. शेवटी गावचा कारभारी भिंतीला हात लावायचा आणि म्हणायचा, "भिंत शांत आहे." एवढं ऐकलं की गाव निर्धास्त झोपायचं.

तेव्हाचा कारभारी सरळ माणूस होता. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्यानं धाकट्या भावाला अंगाखांद्यावर वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, पण भावाचं थाटात लावून दिलं. भाऊ म्हणजे त्याचा जीव की प्राण.

एकदा ओळीच्या टोकाला राहणाऱ्या विणकरणीनं कुणाला न विचारता भिंतीत खिडकी पाडली. तिची म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती. सकाळचं ऊन एकदा तोंडावर यावं, एवढंच तिचं मागणं होतं. कारभारी आला आणि त्यानं खिडकीशेजारी तळवा टेकला. भिंत खरोखरच थरथरत होती.

"बुजव," तो म्हणाला.

"कारभारी, थोडे दिवस राहू द्या. आईचं काही खरं नाही."

"बाई, मला काय वाईट वाटत नाही? पण भिंत माझी नाही आणि तुझीही नाही."

विणकरणीनं डोळे पुसले आणि स्वतःच्या हातानं एकेक दगड परत बसवला. म्हातारी त्याच आठवड्यात अंधारात गेली. कारभाऱ्याला रुखरुख लागली, पण आपण चुकलो नाही हे त्याला ठाऊक होतं. आणि खरंच, तो चुकला नव्हता.

पुढं धाकट्याच्या बायकोला दिवस गेले. घर लहान होतं, पाळणा टांगायला जागा नव्हती. सारं गाव जत्रेला गेलेलं पाहून धाकट्यानं भिंतीचं पोट पोखरलं. आत चांगली ऐसपैस खोली केली, वर शेणामातीनं सारवून घेतलं. मग मोठ्या हौसेनं भावाला दाखवायला बोलावलं.

कारभाऱ्यानं भिंतीला हात लावला. तळव्याखाली दगड कापत होते, ताप आलेल्या लेकराचं अंग कापतं तसे.

"हे बुजवायला हवं," तो हळूच म्हणाला.

"दादा, असं काय करतोस! पाळणा टांगून झाला. आता बुजवलं तर गावात माझी काय अब्रू राहील? आणि तुझी तरी?" धाकटा हसला. "तू शांत आहे म्हणालास की झालं. तुझ्या शब्दापुढं कोण जातंय?"

शेजारी दाराशी जमले होते. कारभाऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, रिकाम्या पाळण्याकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "भिंत शांत आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच तो खोटं बोलला होता, आणि तेही प्रेमापोटी. अशा खोट्याला माणूस खोटं म्हणतच नाही, हीच तर खरी गोम आहे.

पण शेजारी काही दूधखुळे नव्हते. हात त्यांनाही होते. एकानं धान्य साठवायला भिंत कोरली, दुसऱ्यानं देवघरासाठी. कारभारी रागावून गेला की ते नुसते धाकट्याच्या घराकडं बोट दाखवायचे. मग तो भिंतीला हात लावायचा आणि तेच तीन शब्द बोलायचा. हळूहळू लोकांनी त्याला बोलावणंच सोडलं. त्यानंही भिंतीला हात लावणं सोडलं. घरातसुद्धा तो भिंतीपासून दूर, दारापाशी अंथरूण टाकून झोपू लागला.

भिंत पडली ती एका स्वच्छ दुपारी. वारा नव्हता, पाऊस नव्हता. बाळाला घेऊन त्याची आई झऱ्यावर गेली होती. धाकटा पोखरलेल्या खोलीत पाळण्याची दोरी बदलत होता. आधी तीच खोली बसली, मग शेजारची, मग त्यापुढची. टोकाशी विणकरणीच्या घरापर्यंत येऊन पडझड थांबली, कारण तिथली भिंत भरीव होती.

कारभाऱ्यानं उघड्या हातांनी दगड उपसले. भाऊ सापडला तेव्हा दोरी अजून त्याच्या मुठीत होती. तो त्या मुठीवर कपाळ टेकून ओक्साबोक्शी रडला.

सांजेला विणकरीण पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो मान वर करीना. "बोल मला, हवं ते बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?" ती म्हणाली. "तुम्ही खिडकी बुजवायला लावलीत, तेव्हा मी रडले, पण तुमचा राग नाही केला. म्हटलं, माझ्या आईला नाही ते कुणालाच नाही. तेवढ्यावर तिचा अंधार मी सोसला. तो अंधारसुद्धा तुम्ही फुकट घालवलात, कारभारी."

तिनं तांब्या त्याच्याजवळ ठेवला आणि ती निघून गेली.

उरलेले लोक गाव सोडून खाली मैदानात गेले. त्यांनी घरं सुटी सुटी बांधली, एकाची भिंत दुसऱ्याला लागणार नाही अशी. भावाची बायको बाळाला घेऊन माहेरी गेली आणि परत आली नाही. कारभारी मात्र कड्यावरच राहिला. दिवसभर तो उरलेल्या भिंतीला तळवा लावून बसायचा. भिंत आता खरोखर शांत होती, पण ते ऐकायला गावात कुणी उरलं नव्हतं.

बोध एवढाच: परक्यासाठी कडक आणि आपल्या माणसासाठी सैल असलेला न्याय शेवटी आपल्याच माणसाचा घात करतो.