मऊ गालिचा आणि अडेल दांडा

गाड्या बोलायच्या, पण माणसं ऐकायची नाहीत, त्या काळची ही गोष्ट. नेरूरकरांच्या गाडीतला गिअरचा दांडा हल्ली जागचा हलेना. पहिला गिअर टाकताना खर्रकन आवाज व्हायचा आणि नेरूरकर त्याच्या डोक्यावर चापट मारून ओरडायचे, “माजलाय मेला!”

दांड्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. “क्लच, तू पूर्ण खाली गेल्याशिवाय मी सरकणार कसा? आणि मार मात्र मी खायचा?”

“मी तरी काय करू?” क्लच कळवळला. “साहेबांनी हौसेने अंथरलेला हा जाड गालिचा माझ्याखाली गोळा झालाय. मी अर्ध्यावरच अडतो.”

“मी?” गालिचा लाडात म्हणाला. “मी इतका मऊ, मी कुणाला अडवणार? साहेबांच्या पायांनाच विचारा!”

एकदा गालिच्यावर ताकाची पिशवी फुटली. नेरूरकरांच्या बायकोने तो धुऊन वाळत टाकला. दुसऱ्या दिवशी क्लच थेट तळाला टेकला आणि गिअर अलगद पडला. आता तरी यांना कळेल, दांड्याला वाटलं.

“बघितलंस?” नेरूरकर बायकोला म्हणाले. “चार चापट्या बसल्या, आला ताळ्यावर! आणि तो गालिचा वाळला असेल तर आण गं. त्याच्याशिवाय पायांना करमत नाही.”

गालिचा परत आला. गाडी पुन्हा खर्रकन ओरडली. नेरूरकरांनी पाय गालिच्यावर मायेने घासले आणि हात दांड्यावर उगारला.