सकाळी विसरणारं रान

त्या रानात कालचं काही कुणाला आठवत नसे. पायांना वाटा आणि अंगाला सवयी तेवढ्या राहत. म्हणून सकाळी सगळे मोठ्या झाडापाशी येत आणि आपलं नाव, बीळ, पोरंबाळं खोडावर वाचून घरी जात.

लिहिण्याचं काम साळूबाई साळिंदरीचं. काटा उपटायचा नि कोरायचं. ‘झाडाला काही झालं तर?’ ही धास्ती तिला रोज नव्याने बसे आणि रोज ती विसरून जाई. एकदा तिने धास्तीच खोडावर कोरली, आणि मग तिघांना कामाला लावलं.

धोंडाई कासवीण दर पौर्णिमेला खोडावरचं सगळं लिखाण पाठीवर उतरवून घेई आणि नदीपलीकडे आपल्या घरी जाई.

“एवढ्या लांब कशाला गं?” साळूबाईने विचारलं.

“पाठीवर सगळं रान आहे, बाई. झाडाखाली बसून कसं चालेल?”

चिंगी खार फक्त त्या दिवशीचं नवं एका पानावर लिही आणि पान पुरून टाकी. काळोबा कावळा मात्र पौर्णिमेपासूनचं सगळंच रोज दुपारी पुन्हा लिही. गठ्ठा फुगत जाई. तो धापा टाकत धोंडाईकडे नेऊन ठेवी.

झाडाशेजारचं तळं सगळ्यांना हसे. “खोडावर उमटलं की माझ्यात उमटलंच!”

एके पहाटे झाडावर वीज पडली.

साळूबाई आली तेव्हा कोळसा धुमसत होता. आपण कोण, हेही तिला कळेना. तिने तळ्यात पाहिलं. तिथेही कोळसाच.

चिंगीने सवयीने माती उकरली. पानं निघाली, पण चौथं सापडेना. हरणं नव्या कुरणात गेली ती त्याच दिवशी. पुढची पानं हरणांबद्दल नुसतं ‘तिथेच’ म्हणत होती. कुठे, ते कुणाला ठाऊक? पानं पुरल्याच्या जागा चिंगीने खोडावर लिहिल्या होत्या.

तेवढ्यात सवयीने धोंडाईकडे गेलेला काळोबा नदीपलीकडून ओरडला, “इकडे या! हिच्या पाठीवर आपण सगळे आहोत!”

सगळे नदी उतरले. आधी पाठ वाचली, मग कालचा गठ्ठा. सशाला बीळ मिळालं, चिंगीला नाव. “अगंबाई, साळू म्हणजे मीच की!” साळूबाईला हसू फुटलं.

गर्दी पांगली. एक पाडस तेवढं उरलं. ते काल संध्याकाळी जन्मलं होतं, चिंगीचं पान पुरल्यावर आणि गठ्ठा गेल्यावर. थोड्या अंतरावर एक हरिणी गोंधळून उभी होती. तिच्या नावापुढे पोर लिहिलेलं नव्हतं, आणि कासेतून दूध ठिबकत होतं.

साळूबाईने नवा काटा उपटला.