चांदीची माशी

घाटाच्या पायथ्याशी ऐनवाडी म्हणून एक गाव होतं. तीन बाजूंना रान आणि चौथ्या बाजूला नदी. त्या गावात हैबती नावाचा एक शिकारी राहायचा. तो हौसेसाठी शिकार करत नसे. रानडुकरं शेतात शिरली, वाघ-बिबट्या माणसांच्या वाटेवर येऊ लागला, की लोक त्याच्या दाराशी यायचे. मग तो भिंतीवरची बंदूक काढायचा आणि ठाकरवाडीत जाऊन चांगोला हाक मारायचा.

चांगो माग काढणारा होता. हैबतीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. पानावरचा ओरखडा पाहून जनावर केव्हा गेलं, उपाशी गेलं की खाऊन गेलं, ते तो सांगायचा. रानात पाऊल कसं टाकावं, वारा कसा ओळखावा, हे सगळं हैबती त्याच्याकडूनच शिकला होता. वीस वर्षं दोघं बरोबर रानात जात होते. पुढं चांगो, मागं हैबती.

बंदुकीच्या नळीच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक उंचवटा असतो. शिकारी त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून ही माशी पाहायची आणि ती सावजावर धरायची, की नेम धरला. हैबतीच्या बंदुकीची माशी लोखंडाची होती. हाताळून हाताळून तिला चकाकी आली होती. म्हणून शिकारीआधी चांगो एका दगडावर कापूर पेटवायचा. हैबती नळीचं टोक त्याच्या धुरात धरायचा. माशीवर दाट काजळी बसायची.

"उन्हात चमकणारी माशी डोळ्याला फसवते," चांगो सांगायचा. "ज्या अंगावर ऊन पडतं, तेवढंच अंग दिसतं. आपल्याला वाटतं, तीच सगळी माशी. मग गोळी दुसऱ्या अंगाला जाते. काळी माशी खोटं बोलत नाही."

एका वर्षी घाटाच्या वाटेवर वाघ आला. त्यानं तीन वाटसरू मारले. बैलगाड्या बंद झाल्या, बाजार ओस पडला. हैबती आणि चांगोनं सहा दिवस त्याचा माग काढला, आणि सातव्या दिवशी हैबतीनं एका गोळीत त्याला पाडलं.

राजानं दोघांना दरबारात बोलावलं. राजा तरुण होता आणि दिलदारही होता. त्यानं चांगोला एक उंची घोंगडी दिली. हैबतीची बंदूक त्यानं स्वतःच्या हातात घेऊन निरखून पाहिली.

"जिनं वाघाचं काळीज वेधलं, तिला लोखंड शोभत नाही," तो म्हणाला. त्यानं सोनाराला बोलावलं, लोखंडी माशी काढायला लावली आणि तिच्या जागी चांदीची बसवून दिली.

सगळा दरबार वाहवा करू लागला. हैबतीचा ऊर भरून आला.

गावी परतल्यावर लोक ती माशी पाहायला यायचे. पै-पाहुणे यायचे, शेजारच्या गावचे पाटील यायचे. हैबती रोज मऊ फडक्यानं ती पुसायचा. पूर्वी बंदूक आतल्या भिंतीवर असायची. आता ती ओटीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर टांगलेली असे.

दिवाळीनंतर रानडुकरं नाचणीत शिरली. दिवस मावळता मावळता हैबतीनं एक दांडगा डुक्कर टिपला. अंधूक उजेडात चांदीचा दाणा ठळक दिसत होता. गोळी बरोबर बसली.

"पाहिलंस, चांगोदा?" हैबती हसून म्हणाला. "तुझ्या कापरावाचून काही अडलं नाही."

"सांजवेळ होती," चांगो म्हणाला. "सांजवेळी चांदी बरी. भर उन्हात ती दगा देईल."

हैबतीला हे आवडलं नाही. याला आपला मान बघवत नाही की काय, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. त्यानं ते बोलून दाखवलं नाही, पण मनातून काढूनही टाकलं नाही.

उन्हाळ्यात रानातलं पाणी आटलं आणि बिबट्या गावाजवळ आला. आधी त्यानं शेरडं नेली, मग कुत्री. मग सरपणाला गेलेल्या एका बाईला त्यानं ओढ्याजवळ मारलं. बायका रानात जाईनात. सरपणावाचून चुली दिवसातून एकदाच पेटू लागल्या.

हैबती आणि चांगो निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बिबट्या दिसला. ओढ्यापलीकडच्या कातळावर तो ऊन खात पडला होता. शंभरेक पावलांवर. त्याचं तोंड उजवीकडे होतं, आणि उजवीकडूनच ऊन येत होतं. वारा त्याच्याकडून यांच्याकडे वाहत होता. त्याला कसलाच सुगावा नव्हता. मागच्या टेकाडावर गावातली पाच-सात माणसं येऊन उभी राहिली होती. ती श्वास रोखून पाहत होती.

चांगोनं कमरेच्या गाठीतून कापूर काढला.

"काजळी धर, हैबती," तो अगदी हळू म्हणाला.

"राजानं दिलेल्या मानाला काळं फासू?"

"मान घरी ठेव. इथं नेम धरायचाय."

"धुराचा वास लागेल त्याला."

"वारा आपल्याकडं आहे. वेळही आहे. ऐक माझं."

चांगोचं म्हणणं खरं होतं, हे हैबतीला कळत होतं. पण टेकाडावर माणसं उभी होती. कालपर्यंत ज्यांना चांदी दाखवली, त्यांच्यासमोर ती काळी करायची? त्यानं मान हलवली आणि बंदूक खांद्याला लावली.

माशी उन्हात चांदणीसारखी चमकत होती. तिची उजवी कड लखलखत होती आणि डावं अंग दिसतच नव्हतं. हैबतीनं ती लखलखणारी कड बिबट्याच्या खांद्यावर धरली आणि चाप ओढला.

गोळी डावीकडे गेली. खांद्यात बसायची ती पोटात बसली. बिबट्यानं किंकाळी फोडली, उलटा उसळला आणि करवंदीच्या जाळीत शिरला.

जखमी बिबट्या मोकळा सोडता येत नाही. तो पुढं दिसेल त्या माणसावर धावतो. दोघं बराच वेळ थांबले. मग चांगो उठला.

"तू मागं राहा, चांगोदा," हैबती म्हणाला. "मी पुढं होतो."

"रक्ताचा माग तुला दिसेल का?" चांगो म्हणाला. "तू नुसती बंदूक तयार ठेव."

नेहमीसारखाच तो पुढं झाला. जाळीत दहा पावलं गेला असेल नसेल, तोच बिबट्यानं त्याच्यावर झेप घेतली. हैबतीनं नळी जनावराच्या अंगालाच टेकवून गोळी झाडली. बिबट्या तिथंच मेला. पण तोवर चांगोची मान आणि खांदा फाटला होता.

हैबतीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोक्याचा रुमाल सोडून जखमेवर दाबला. रुमाल भिजून गेला.

"जनावर पडलं?" चांगोनं विचारलं.

"पडलं."

"मग बायका सरपणाला जातील आता," चांगो म्हणाला.

काजळीचं नाव त्यानं काढलं नाही. थोड्या वेळानं त्याचा श्वास थांबला.

गावकरी धावत आले. कुणी रडलं, कुणी मेलेल्या बिबट्याभोवती उभं राहिलं. चांगोला डोलीत घालून वाडीकडे निघाले, तेव्हा एकानं विचारलं, "हैबती, तुझी पहिली गोळी चुकली कशी?"

दुसराच कुणी म्हणाला, "ऐन वेळी बिबट्या हलला असेल."

"हलला," हैबती म्हणाला.

लोकांनी ते खरं मानलं. चांगोचं मरण त्याच जागी लिहिलं होतं, असं म्हणून सगळ्यांनी हळहळ केली. हैबतीला कुणी बोल लावला नाही. उलट बिबट्या मारला म्हणून त्याचं नाव आणखी वाढलं.

हैबतीला अन्न जाईना. बंदुकीकडे त्याला पाहवेना. तो ओटीवर तिच्याकडे पाठ करून बसायचा.

चौथ्या दिवशी ठाकरवाडीतली एक बाई त्याच्याकडे आली. तिनं फडक्यात बांधलेली भाकरी आणि चटणी त्याच्यापुढं ठेवली.

"नामीनं दिलीय," ती म्हणाली. नामी म्हणजे चांगोची बायको. "म्हणाली, भावजींनी चार दिवस तोंडात काही घातलं नाही. त्यांचा तर भाऊच गेला."

हैबती त्या भाकरीकडे पाहत राहिला. मग त्यानं ती तशीच उचलली आणि ठाकरवाडीची वाट धरली.

नामी दारात बसली होती. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. हैबती तिच्यापुढं जमिनीवर बसला.

"वहिनी, बिबट्या हलला नव्हता," तो म्हणाला.

नामीनं वर पाहिलं.

हैबतीनं सगळं सांगितलं. चांदी सांगितली, ऊन सांगितलं, टेकाडावरची माणसं सांगितली. काही लपवलं नाही.

"त्यांनी तुम्हाला काजळी धरायला सांगितलं होतं?" नामीनं विचारलं.

"सांगितलं होतं. दोनदा."

"आणि वेळ होता?"

"होता."

नामीनं भाकरीचं फडकं त्याच्या हातातून परत घेतलं.

"तुम्ही जा भावजी," ती म्हणाली आणि आत गेली.

इकडे राजानं बिबट्या मारल्याबद्दल हैबतीसाठी सोन्याचं कडं काढून ठेवलं होतं. हैबती दरबारात गेला. त्यानं कड्याला हात लावला नाही. बंदूक राजासमोर ठेवून भर दरबारात त्यानं तीच हकिगत सांगितली.

राजाचा चेहरा उतरला. "मी तर तुझा मान केला होता, हैबती," तो म्हणाला.

"होय महाराज. तो मी घरात ठेवायला हवा होता. मी तो डोळ्यांपुढं धरून नेम धरला."

त्यानं सोनाराला बोलावून चांदी काढवली आणि लोखंडी माशी पुन्हा बसवून दिली. हैबतीनं बंदूक गावी आणली, पण घरात नेली नाही. देवळात ठेवली आणि पाया पडून सांगितलं, "आता हिला माझा हात लागणार नाही."

पाऊस सरला. भात तयार होऊ लागलं आणि कळप सोडून एकटा फिरणारा एक एकुलगा रानडुक्कर माजला. त्यानं दोघांच्या मांड्या फाडल्या. लोक हैबतीकडे आले. त्यानं हात जोडले. पाटलांनी सांगितलं, म्हाताऱ्यांनी सांगितलं. तो उठला नाही. लोक म्हणाले, "बिचाऱ्यानं दुःखापायी बंदूक टाकली. थोर माणूस."

हे नामीच्या कानावर गेलं. चांगो गेल्यापासून ती वाडीबाहेर पडली नव्हती. त्या दिवशी ती हैबतीच्या दारी आली. हैबती धडपडत उभा राहिला.

"भावजी, घरात बसून कुणाला दाखवताय?" तिनं विचारलं.

"वहिनी, माझ्या हातानं चांगोदा गेला. आता बंदूक कशी धरू?"

"तेव्हा मान मिरवलात. आता दुःख मिरवताय. माझा माणूस दोन्हीत परत येत नाही." तिनं देवळाकडे हात केला. "वीस वर्षं त्यांनी तुम्हाला शिकवलं. ते सगळं त्यांच्याबरोबर जाळायचं का? उद्या डुकरानं आणखी एकीचं कुंकू पुसलं, तर तिला काय सांगाल?"

हैबतीनं मान खाली घातली. "तुम्ही मला माफ केलंत का, वहिनी?"

"नाही," नामी म्हणाली. "करीन की नाही, मला ठाऊक नाही. त्यासाठी थांबू नका."

एवढं बोलून ती गेली.

हैबती देवळात गेला. त्यानं बंदूक उचलली. रानाच्या तोंडाशी एका दगडावर त्यानं स्वतःच्या हातानं कापूर पेटवला आणि माशी काळी केली. मग तो एकटाच आत शिरला. पुढं चालायला कुणी नव्हतं. माग त्यालाच वाचावा लागत होता. चांगोला जे एका नजरेत दिसायचं, त्याला घटका-घटका लागायची. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी भर दुपारच्या उन्हात त्यानं तो डुक्कर एका गोळीत पाडला.

त्यानंतरही अनेक वर्षं तो गावाच्या हाकेला ओ देत राहिला. लोक म्हणायचे, हैबतीचा नेम पूर्वीपेक्षा पक्का झालाय. रानातून परतताना तो मुद्दाम ठाकरवाडीच्या वाटेनं यायचा. काम झालं, कुणाला इजा झाली नाही, एवढं तो नामीच्या अंगणाबाहेर उभा राहून सांगायचा. आतून कधी उत्तर यायचं नाही. तो थोडा वेळ थांबायचा आणि आपल्या घरी जायचा.

तात्पर्य: नेम धरायची वस्तू मिरवायला घेतली, की डोळा तिलाच भुलतो आणि समोरचं खरं दिसत नाही. आपल्या मिरवण्याचा घाव बहुधा आपल्याला लागत नाही. तो आपल्यासाठी पुढं चालणाऱ्याला लागतो.