टिटवीच्या लवंगा

फार मागे मगरींच्या दाढा टिटवी बघायची, तेव्हाची गोष्ट. तिच्या लवंगा सारख्या संपायच्या. दवाखाना बंद पडायची वेळ आली. चोर कोण, हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. तिनं खारीला विचारलं, माकडाला विचारलं. शेवटी नदीत वाटी धुताना मरळ माशालाही विचारलं.

मरळ म्हणाली, "चोराचं माहीत नाही, मावशी. पण तुम्ही रोज वाटीभर औषध पाठवता, म्हणून आमच्यात कुणाची दाढ दुखत नाही!"

टिटवी वाटीकडे बघतच राहिली. मगर यायच्या आधीच ती वाटीभर लवंगा वाटून ठेवायची. लागायचं चोचीच्या टोकाएवढं, उरलेलं नदीत.

दुसऱ्या दिवशी ती मगरीला म्हणाली, "आधी आ करा." मग एकच लवंग कुटली.

संध्याकाळी मरळ वर आली. "मावशी, चोर सापडला का?"

"सापडला," टिटवी वाटी पुसत म्हणाली. "आता तोच दवाखाना सांभाळतोय."