म्हणून सुरक्षित

एकदा एक वृद्ध अभियंता फार रागावला. दृष्टांतकथांतले वृद्ध सहसा रागावत नाहीत. ते स्मित करतात, दाढी कुरवाळतात, शिष्याला नदीकाठी नेऊन एखादा गुळगुळीत दगड दाखवतात आणि तेवढ्याने त्याचे डोळे उघडतात. या वृद्धाला दाढी नव्हती आणि स्मितासाठी तो प्रसिद्धही नव्हता. मला असेच वृद्ध अधिक विश्वासाचे वाटतात, म्हणून ही कथा सांगतो. कथेतल्या कोणाचेही नाव सांगणार नाही. नाव सांगितले की ऐकणारा ‘हे त्याचे झाले, आपले नव्हे’ म्हणून निर्धास्त होतो.

या वृद्धाने उभ्या आयुष्यात पूल बांधले, टाक्या बांधल्या, शाळा बांधल्या. निवृत्तीनंतर नगरपालिका त्याला जुन्या इमारती तपासायला पाठवी, आणि उरलेल्या वेळात तो तरुण अभियंत्यांची परवान्याच्या परीक्षेची तयारी करून घेई. त्या राज्यात पदवी मिळाली की आकडेमोड करता येत असे, नकाशे काढता येत असत. परंतु नकाशाखाली ‘हे बांधकाम सुरक्षित आहे’ अशी सही करायची तर परवाना लागे. त्याची परीक्षा कठीण होती आणि ती तीनदाच देता येत असे.

त्याची एक शिष्या दोनदा नापास झाली होती. मुलगी हुशार होती, कष्टाळू होती, पण पहिल्या वेळी घाबरली आणि दुसऱ्या वेळी थोडक्यात हुकली. ती नोकरी करी तिथे तिच्या मागून आलेली पोरे परवाना घेऊन तिच्या पुढे गेली. आकडेमोड हिने करायची आणि खाली सही त्यांनी ठोकायची. रोज ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. आता तिसरी आणि शेवटची परीक्षा पुढच्या सोमवारी होती. हुकली तर जन्मभर दुसऱ्याच्या सहीसाठी आकडे मांडत बसायचे, हे तिला पक्के ठाऊक होते.

म्हणून तिने कंबर कसली होती. जुन्या प्रश्नपत्रिका तिने इतक्या सोडवल्या होत्या की प्रश्न अर्धा वाचला की उत्तर दिसू लागे. या विद्येतल्या उत्तरांना एक ठरावीक शेवटची ओळ असते. बांधकामावर किती भार येईल ते काढायचे, ते किती भार पेलेल ते काढायचे, दुसरा आकडा मोठा आला की खाली लिहायचे : ‘म्हणून सुरक्षित.’ पुस्तकातल्या गणितांत दुसरा आकडा मोठाच येतो. पत्राखाली आपण ‘कळावे’ लिहितो, ते जसे विचार करून लिहीत नाही, तशी ती ओळ तिच्या हातून लिहिली जाई.

त्या दिवशी सकाळी वृद्धाने तिला एक गणित दिले. एक गॅलरी आहे, भिंतीतून बाहेर आलेली, खालून खांब नाही. तिची लांबी, रुंदी, जाडी अमुक. आतली सळई आठ मिलिमीटरची. कठड्यापर्यंत माणसांनी भरली तर ती पेलेल का?

तिने गणित सोडवले. उत्तर आले : पेलणार नाही.

तिने पुन्हा केले. पुन्हा तेच आले. असली गणिते तिने डोळे मिटून केली असती, आणि परीक्षा तोंडावर आली असताना एक साधी गॅलरी तिला जमेना! आधी ती स्वतःवर चिडली, मग गणितावर, आणि शेवटी गणित देणाऱ्यावर. तिला वाटले, सरांचे वय झाले. आकडा उतरवताना चुकले असतील. आठची सळई कशी असेल? दहाची असणार. दहाची धरली तर सगळे कसे झक्क बसते. तिने आठ खोडून दहा केले, आकडेमोड पुन्हा मांडली आणि सुटकेचा श्वास टाकून खाली लिहिले : ‘म्हणून सुरक्षित.’

वृद्धाने कागद पाहिला. खोडलेल्या आठावर त्याची नजर थांबली. त्याच्या मानेवरची शीर फुगली. इतक्यात दारात एक व्यापारी येऊन उभा राहिला. गावातले मोठे कापडदुकान याचेच आणि मंगल कार्यालयही याचेच. तो धापा टाकत होता.

“साहेब, माझ्या कार्यालयाच्या गॅलरीला काल कुलूप ठोकलंत म्हणे! कुणाला विचारून?”

“नगरपालिकेनं तपासायला सांगितलं होतं. तपासलं. ठोकलं.”

“अहो, उद्या माझ्या पुतणीचं लग्न आहे! घरच्या कार्यात मीच माझ्या व्याह्यांना सांगू, की वर जाऊ नका म्हणून? माझी अब्रू जाईल. वीस वर्षं उभी आहे ती गॅलरी!”

“उभी आहे ते मलाही दिसतं, नशिबानं उभी आहे,” वृद्ध म्हणाला. मग त्याने जे केले ते शिष्येला मुळीच कळले नाही. त्याने खिशातून एक किल्ली काढली आणि व्यापाऱ्याला न देता तिच्या तळहातावर ठेवली. “हिला मी सकाळी एक गणित दिलं. गॅलरी कुणाची ते सांगितलं नव्हतं. लांबी-रुंदी मी स्वतः मोजलीय, गिलावा फोडून सळई पाहिलीय. हिचं उत्तर तयार आहे. ती म्हणेल तसं करा. वाच गं.”

तिच्या हातातली किल्ली एकदम जड झाली. “सर, मी जरा पुन्हा एकदा—”

“शेवटची ओळ वाच.”

“म्हणून... सुरक्षित.”

“शाब्बास, ताई!” व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. “मी म्हणतच होतो. आणा ती किल्ली. आणि उद्या तुम्हीही या हं लग्नाला, गॅलरीतच बसा. अंतरपाट खाली आला ना, की वरच्या सगळ्या बायका-पोरं एकदम कठड्याशी येतात अक्षता टाकायला. काय दिसतं म्हणून सांगू! माझी नातवंडं तर कठड्यावर चढून बसतात.”

त्याने हात पुढे केला.

गॅलरीच्या कडेला आलेला भार गणितात तिने एका आकड्यात लिहिला होता. त्या आकड्याला आता नऊवारी नेसलेल्या बायका होत्या, परकर-पोलक्यातल्या मुली होत्या, मुठीत अक्षता धरून पुढे घुसणारी पोरे होती, आणि ती सगळी एकाच क्षणी कठड्याशी येणार होती. तिने वृद्धाकडे पाहिले. तो खिडकीबाहेर पाहत होता. मेल्याने निदान एक शब्द तरी बोलावा, असे तिला झाले. खरे सांगितले तर व्यापाऱ्यासमोर मान खाली जाणार, परीक्षेच्या तोंडावर गुरूचे दार बंद होणार. आणि नाही सांगितले तर? व्यापाऱ्याचा हात अजून पुढेच होता.

“सळई आठची आहे,” ती म्हणाली. मग व्यापाऱ्याकडे वळून तिने पुन्हा म्हटले, “सळई आठची आहे. उत्तर येईना म्हणून मी दहाची धरली. आठची धरली तर गॅलरी पेलत नाही. सुरक्षित नाही ती.”

“अहो, आत्ता तर तुम्हीच वाचलंत!”

“खोटं वाचलं.”

व्यापाऱ्याचा पारा चढला. “दोन-दोनदा नापास उगाच नाही झालात! सगळ्या गावाला ठाऊक आहे. घटकेत एक म्हणता, घटकेत दुसरं. आणा ती किल्ली!”

शब्द वर्मी लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण मूठ उघडली नाही. “किल्ली मिळणार नाही. लग्न खाली करा.”

“उंटावरचे शहाणे सगळे!” असे म्हणून व्यापारी दार आपटून निघून गेला. दुसऱ्या दिवशी लग्न खालीच झाले, आणि व्याही काही रुसले नाहीत, हे जाता जाता सांगून टाकतो.

दार आपटल्याचा आवाज विरतो न विरतो तोच शिष्या उसळली. “झालं समाधान? परक्या माणसासमोर माझी लाज काढलीत! परीक्षा सोमवारी आहे, सर. माझी शेवटची परीक्षा! आणि तुम्ही मला असलं गणित देता? परीक्षेत असं गणित येतच नाही!”

“येत नाही म्हणूनच दिलं!” वृद्ध ओरडला. “पुस्तकात गणित घालणारा आधी उत्तर ठरवतो आणि मग त्याला पुरतील असे आकडे लिहितो. तुम्ही पोरं वर्षानुवर्षं तीच गणितं घोटता आणि समजता की जगसुद्धा असंच कुणीतरी आधी जुळवून ठेवलंय. तुला येत नसतं ना, तर मी रागावलो नसतो. पुन्हा शिकवलं असतं. पण तुझं उत्तर बरोबर आलं होतं, पोरी! एकदा नाही, दोनदा! तिसऱ्यांदा बसून तू ते चुकवलंस. गॅलरी पडेल असं तुझं गणित तुला ओरडून सांगत होतं, आणि तू गणितालाच गप्प केलंस, कारण तुला शेवटची ओळ आधीच पाठ होती. ‘सुरक्षित’ म्हणायला परवाना कशाला लागतो? तो व्यापारी म्हणतोच आहे की फुकटात! आठला आठ म्हणायची वेळ येते, समोर सगळे हात पसरून उभे असतात, तेव्हा जो ‘नाही’ म्हणेल त्याच्यासाठी आहे तो परवाना.”

बोलता बोलता त्याला धाप लागली. तिने तांब्या-भांडे पुढे केले. राग दोघांचाही ओसरला नव्हता, पण पाणी त्याने घेतले.

काही वेळाने तिने मूठ उघडली. “आणि मी दिली असती किल्ली तर?”

“तर त्यानं माझं कपाट उघडलं असतं. गॅलरीची किल्ली या खिशात आहे.”

“म्हणजे हे सगळं नाटक होतं!”

“किल्लीपुरतं,” वृद्ध म्हणाला. “गॅलरी खरी आहे. आता बस. तो कागद फाडू नकोस, वरचा आठ पुन्हा लिही आणि गणित पुरं कर. शेवटची ओळ तुझ्या हातची पाहायची आहे मला.”

ती बसली. नाक ओढत, मनातल्या मनात त्याच्या नावाने बोटे मोडत तिने गणित पुरे केले आणि जन्मात पहिल्यांदा खाली लिहिले : ‘म्हणून सुरक्षित नाही.’ लिहिताना पेन कागदात रुतले होते.

सोमवारी परीक्षा झाली. प्रश्न नेहमीसारखेच होते, सगळे गुण्यागोविंदाने सुटणारे. पण शेवटच्या ओळीशी आले की तिचा हात थांबे आणि दिलेले आकडे ती पुन्हा एकदा पाही. त्यात वेळ गेला आणि एक प्रश्न लिहायचा राहिला. शेजारच्या बाकांवरचे लोक पुरवण्या मागत होते तेव्हा ही मागची पाने उलटून आकडे तपासत होती. ती उत्तीर्ण झाली, पण काठावर. वृद्धाला पेढे द्यायला गेली तेव्हा त्याने एक पेढा खाल्ला आणि राहिलेला प्रश्न कोणता होता ते विचारले. अभिनंदन करायचे तो विसरला की त्याला करायचेच नव्हते, ते तिला शेवटपर्यंत कळले नाही.

पुढे तिने स्वतःचे कार्यालय थाटले, दारावर पाटी लागली. आणि एके दिवशी तोच व्यापारी हसतमुखाने आत आला.

“ताई, आता तुम्हाला परवाना आहे. झालं गेलं गंगेला मिळालं. आमच्या गॅलरीच्या कागदावर सही हवी आहे. नगरपालिका अजून कुलूप काढत नाही हो. आणि बघा, त्या दिवशी तुम्ही दोघांनी केवढा गहजब केलात! पडली का? आहे ना अजून उभी?”

“सळया बदलल्या?”

“सळया कशाला? डागडुजी म्हणून किल्ली मागून घेतली आणि मस्त रंग दिलाय. आणि जुन्या फरशीवर नवी फरशी टाकली, एकदम झकास.”

“म्हणजे आणखी वजन वाढवलंत!” ती खुर्चीवरून उठली. “पडली नाही म्हणून मला विचारता? तिच्यावर तेव्हापासून गर्दी झालेलीच नाही, म्हणून उभी आहे ती! नातवंडं आहेत ना तुम्हाला? आठची सळई रंगानं दहाची होते का हो?”

तिचा आवाज इतका चढला की बाहेरच्या खोलीतला टंकलेखनाचा आवाज थांबला. व्यापारी कागद गुंडाळू लागला. आणि ओरडता ओरडता तीही मध्येच थांबली, कारण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. त्या दिवशी वृद्ध आपल्यावर ओरडला, आपल्याला कमी लेखून ओरडला, असे इतकी वर्षे ती मनात धरून होती. तो त्या कठड्याशी येणाऱ्या पोरांसाठी ओरडला होता.

ती खाली बसली. “कागद राहू द्या इथंच,” ती व्यापाऱ्याला म्हणाली. “आधी वरची नवी फरशी काढा. मग मी येते. आतून नव्या सळया कशा घालायच्या ते तिथंच उभी राहून दाखवते. ते झालं की सही.”

व्यापाऱ्याने थोडा विचार केला. “किती दिवस लागतील?” त्याने विचारले.

“लागतील तेवढे,” ती म्हणाली.

आपण प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या कागदाखाली सही करतोच. तिथली शेवटची ओळ आपण हिशेबाआधीच लिहून ठेवलेली नाही ना, एवढे ज्याचे त्याने पाहावे.